फाव्याचं फूल

फावा फुलला की आई खिडक्या लावून घ्यायची.
पांढरी फुलं, पाकळीवर काळा ठिपका,
जणू कुणी शाईचं बोट पुसलंय.
दलदलीवरून वारा यायचा, त्यात तो गोडसर वास,
आणि आई म्हणायची, असुन्ता, फटीत चिंध्या कोंब.

बाकीस सहा वर्षांचा. मार्चातला मंगळवार.
आई ओढ्यावर चादरी धूत होती,
हा शेतात शिरला, कोवळ्या शेंगा सोलून खाल्ल्या.
दुसऱ्या दिवशी लघवी जुन्या वाइनसारखी काळी,
डोळे मेणासारखे पिवळे.
शेजारच्या मिंतामावशीनं पाण्यात गहू टाकून दृष्ट पाहिली.
तीन दाण्यांवर बुडबुडे आले.
तीन माणसं जळतात तुमच्यावर, ती म्हणाली.
जळण्यासारखं घरात होतं काय?
एक गाढव, दोन चादरी, बाकीस.
शुक्रवारी बाकीसही नव्हता.

पुढे मी कालियारीला गेले, प्रयोगशाळेत बाटल्या धुवायला.
हळूहळू हातात सुई आली.
डॉक्टर देलाना दुपारी पाव मोडता मोडता सांगायचे:
एका मठाच्या परसात कुणी साधू
मटार मोजत बसला होता वर्षानुवर्षं,
गोल किती, सुरकुतलेले किती.
त्याचं म्हणणं तीसेक वर्षं कुणी मनावर घेतलं नाही.
मला हसू यायचं.
म्हणजे तिथंही शेंगाच.

त्या तीसेक वर्षांतच कवट्या मोजणारे येऊन गेले.
आजोबा एफिस सांगत,
बोटीतून साहेब आला, पितळी कंपास कपाळाला लावला,
वहीत काहीतरी लिहिलं.
आजोबांना वाचता येत नव्हतं.
त्यांनी साहेबाला चीज दिलं, वर कोकराची मांडी.
वहीत लिहिलं होतं: जात गुन्हेगार.

म्हणून गावात मी रक्त मागायला गेले
तेव्हा दारं लागली, फावा फुलल्यावर लागायची तशीच.
आईनं मात्र बाही वर केली.

नळीत निळा रंग घालतात. रक्त धड असेल
तर तासाभरात निळाई उडून जाते.
आईच्या नळीत ती रेंगाळली.
माझ्याही.

मुलीकडे दोन धागे, एक उसवला तर दुसरा सांभाळून घेतो.
मुलाकडे आईनं दिलेला एकच.
हे मी पाठ केलेलं. परीक्षेत लिहिलेलं.
आईला म्हटलं, दृष्ट नव्हती गं. रक्तात होतं.
कुणाच्या?
मी काचा पुसत बसले.

माझ्या, ती म्हणाली.
लग्नाच्या रात्री माझी आई कानात सांगून गेली होती,
पोटच्या मुलग्यांना फाव्यापासून जप.
माझे दोन भाऊ गेले. तिचा एक.
तुझ्या नळीला आज कळलं.
आणि मग, चादरी घरी धुतल्या असत्या तर,
एवढंच म्हणाली, आणि बाही खाली केली.

नकाशावर आम्ही टाचण्या टोचल्या.
जिथं दलदल, तिथं टाचण्यांची दाटी.
वर डोंगरात जवळपास मोकळं.
हिवतापाचा जंतू असल्या रक्तात नीट रुजत नाही, म्हणे.
किती पिढ्या हा शिपाई आमच्या दारात उभा होता!
मग औषध फवारलं, डास गेले, दलदल आटली.
शत्रू उरला नाही.
शिपाई अजून उंबऱ्यावर बसून भाकर मागतो.

मी चार वर्षांची असताना आमच्या गल्लीतली
अकरा मुलं तापानं गेली. मी उठले.
ज्यानं पुढे बाकीसला नेलं, त्यानंच मला उठवलं असेल.
कदाचित.
शास्त्र एकट्या माणसाबद्दल शपथ घेत नाही.

लेकीच्या मुलाचं नाव बाकीस ठेवलंय.
फ्रिजवर यादी चिकटवलेली: काय खायचं नाही, कोणत्या गोळ्या नाहीत.
मार्चात त्याला गाडीतून नेते, काचा वर करून.
बाहेर मैलभर पांढरं.
नोन्ना, किती सुंदर आहे, तो म्हणतो,
नाक काचेला चिकटवून.
आहेच.